लीव्हॉनचं पुस्तक आणि 'द बँड'चे चाहते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'द बँड' हा साठ-सत्तरच्या दशकांतला रॉक बँड ऐकायला लागलेला माणूस आज ना उद्या त्याचा ड्रमर लीव्हॉन हेल्म याच्या आत्मचरित्रापाशी पोचतो. तोवर त्याला वाटत असतं की हे पाच जण म्हणजे सख्खे भाऊ. पुस्तक वाचून झालं की तो अस्वस्थ होतो आणि प्रश्न विचारायला लागतो. तेच ते प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की एकदा नीट बसून उत्तरं लिहावीत असं वाटलं.

नेमकं कोणतं पुस्तक?

'धिस व्हील्स ऑन फायर'. १९९३ साली आलं. लीव्हॉननं ते स्टीफन डेव्हिस या लेखकाच्या मदतीनं लिहिलं. पुस्तकाला नाव दिलंय ते रिक डँको आणि बॉब डिलन या दोघांनी मिळून केलेल्या गाण्याचं. बँडच्या बहुतेक गाण्यांवर ज्याचं नाव आहे त्या रॉबी रॉबर्टसनचं एकही गाणं शीर्षकासाठी घेतलेलं नाही. पुस्तक वाचल्यावर ही निवड मला सहज झालेली वाटत नाही.

मी अगदी नवीन आहे. हे पाच जण कोण?

लीव्हॉन अमेरिकेच्या दक्षिणेतला, आर्कान्सातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. ड्रम वाजवायचा आणि गायचा. बाकी चौघं कॅनडातल्या ओंटारियोचे: गिटारवर रॉबी रॉबर्टसन, बेसवर रिक डँको, पियानोवर रिचर्ड मॅन्युएल आणि ऑर्गनवर गार्थ हडसन. रिक आणि रिचर्ड गायचेही. रॉनी हॉकिन्स नावाच्या गायकाच्या साथीला, 'हॉक्स' या नावानं, एकेक करून ते जमले. गार्थ सर्वांत शेवटी, १९६१ च्या अखेरीस आला आणि येताना त्यानं अट घातली: प्रत्येकानं मला आठवड्याला १० डॉलर जादा द्यायचे, संगीताची शिकवणी म्हणून. मुलगा बारमध्ये वाजवत फिरतो हे घरच्यांना रुचणार नव्हतं. शिकवतो म्हटलं की चालणार होतं.

१९६५-६६ मध्ये डिलननं इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली तेव्हा त्याच्या साथीला हीच मंडळी होती. साध्या गिटारवरच्या डिलनची सवय झालेले प्रेक्षक गावोगावी हुर्यो उडवायचे. लीव्हॉनला ते सोसलं नाही. तो दौरा अर्धवट सोडून गेला आणि मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या फलाटावर मजुरी करू लागला. १९६७ मध्ये रिकनं फोन करून त्याला परत बोलावलं. न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळ वेस्ट सॉगर्टीझला एक गुलाबी घर भाड्यानं घेतलं होतं. त्या घराचं नाव पहिल्या अल्बमला मिळालं, 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक', १९६८. पुढच्या वर्षी नुसतं 'द बँड' असं नाव असलेला दुसरा अल्बम आला. हे दोन ऐकल्याशिवाय पुस्तकाला हात लावू नका, एवढी विनंती आहे.

लीव्हॉनला 'माजी सदस्य' म्हणणं बरोबर आहे का?

नाही, आणि चाहत्यांच्या वादात हा मुद्दा नेहमी सुटतो. १९७६ मधल्या बँडच्या निरोपाच्या मैफलीनंतर बाहेर पडला तो रॉबी. १९८३ मध्ये बाकी चौघं त्याच्याशिवाय पुन्हा एकत्र आले. पुस्तक आलं त्याच वर्षी बँडचा 'जेरिको' हा नवा अल्बमही आला. म्हणजे लीव्हॉन हे पुस्तक लिहीत होता तो त्याच गाडीत बसून, छोट्या-छोट्या सभागृहांचे दौरे करत. या पुस्तकातली थकलेल्या माणसाची चीड समजून घ्यायची तर हे ध्यानात ठेवायला हवं.

पुस्तकात एवढं आहे तरी काय?

अर्ध्याहून अधिक पुस्तक प्रेमानं भरलेलं आहे, हे आधी सांगतो, कारण वाद ऐकून आलेल्यांना ते अपेक्षित नसतं. आर्कान्सातलं लहानपण, गावात येणारे तंबूतले खेळ, मिसिसिपीकाठचं संगीत, हॉक्सच्या दिवसांतली रात्र-रात्र चाललेली गाडी, हे सगळं असं लिहिलंय की वाचताना त्याचा आवाज कानात येतो.

मग सूर बदलतो. लीव्हॉनच्या मुख्य तक्रारी तीन. गाणी पाचांनी मिळून घडवली, पण नाव आणि पैसा एकट्या रॉबीकडे गेला. बँड मोडायचा निर्णय रॉबीनं आणि मॅनेजमेंटनं घेतला, इतरांना तो नको होता. आणि 'द लास्ट वॉल्ट्झ' हा त्या निरोपाच्या मैफलीचा चित्रपट रॉबीनं स्वतःभोवती फिरवून घेतला. व्यसनांबद्दलही तो बोलतो, स्वतःच्यासुद्धा.

मग गाणी खरंच कोणाची?

या प्रश्नावर लोक वर्षानुवर्षं भांडताहेत. मला याचं उत्तर आपल्या आकाशवाणीमुळे सापडलं.

आपण लहानपणापासून ऐकत आलो: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमुक. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आणि गाणाऱ्याचं नाव वेगळं. आपल्याकडे गाण्याचे हे तीन वाटे लहान पोरालाही कळतात. बँडच्या रेकॉर्डचं लेबल पाहा. गाण्याच्या नावाखाली कंसात एवढंच छापलेलं असतं: जे. आर. रॉबर्टसन. शब्द, चाल, सगळं त्या एका कंसात. आणि गाणं उभं करणं, त्याला ठेका देणं, कुठली ओळ कोणी गायची ते ठरवणं, यांना त्या कंसात जागाच नाही.

'अप ऑन क्रिपल क्रीक' घ्या. शब्द आणि चाल रॉबीची असं धरून चला. पण त्या गाण्यात मधेमधे मोरचंग वाजल्यासारखा 'ब्वाँव ब्वाँव' असा आवाज येतो ना? तो गार्थचा. क्लॅव्हिनेट हे कळफलकाचं वाद्य त्यानं गिटारवाले पायाखाली ठेवतात त्या वाह-वाह पेडलमधून वाजवलं. आणि ते गाणं ज्या खोडकर, दक्षिणी हेलात गायलंय तो लीव्हॉनचा. या दोन गोष्टी काढून टाका आणि काय उरतं ते बघा.

'द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन' तर आणखी गुंतागुंतीचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेतल्या एका गरीब माणसाचं गाणं लिहिलंय टोरांटोच्या मुलानं. रॉबी सोळा वर्षांचा असताना पहिल्यांदा आर्कान्साला गेला आणि ती माणसं, ती भाषा, ती नदी त्याला प्रामुख्यानं लीव्हॉनमुळे कळली. लीव्हॉन लिहितो की या गाण्यासाठी मीच रॉबीला लायब्ररीत नेलं होतं. असं असताना कंसात लीव्हॉनचं नाव नाही. बँड मोडल्यावर त्यानं हे गाणं मंचावर गायचं बंद केलं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पहाटे उठून कोऱ्या कागदासमोर बसणारा माणूस रॉबीच होता, हे इतरांच्या सवयी पाहता नाकारता येत नाही. रिचर्ड सुरुवातीला सुंदर गाणी करायचा. 'टिअर्स ऑफ रेज'ची चाल त्याची, शब्द डिलनचे, आणि तिथे रिचर्डचं नाव आहेच. 'लाइफ इज अ कार्निव्हल'वर रिक, लीव्हॉन आणि रॉबी तिघांची नावं आहेत. नंतर रिचर्ड हळूहळू थांबला. कोणी गाणी आणत नव्हतं तेव्हा रॉबी आणत राहिला.

माझं मत असं: गीतकार रॉबी होता. पण गाण्यांचं उत्पन्न पाचांत वाटायला हवं होतं. तेव्हाचे काही बँड तसं करायचेही. कायद्यानं रॉबीवर बंधन नव्हतं, पण पंगतीला पाच जण बसलेले असताना एकाच्याच पानात वाढलं जात होतं आणि ते त्याला दिसत होतं.

एका कंसानं एवढा काय फरक पडतो?

पोटापाण्याचा. अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की मानधन मिळतं ते गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशन हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला त्या रेडिओकडून एक पै मिळत नाही. 'द वेट' हे गाणं लीव्हॉनच्या आवाजात जगभर वाजलं. पहिली तीन कडवी तो गातो, चौथं रिक, शेवटी दोघं. अमेरिकेत रेडिओवर ते प्रत्येक वेळी वाजताना पैसे मिळाले ते कंसातल्या नावाला. लीव्हॉनला १९९८ मध्ये घशाचा कॅन्सर झाला आणि उपचारांचा खर्च आला तेव्हा या हिशेबाचा अर्थ त्याच्या घरात सगळ्यांना कळला असणार.

'द लास्ट वॉल्ट्झ' मला फार आवडायचा. आता पाहवत नाही. काय करू?

पाहा. मात्र आता दोन डोळ्यांनी पाहा.

सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड, २५ नोव्हेंबर १९७६, थँक्सगिव्हिंगचा दिवस. तिकीट २५ डॉलरचं. आधी हजारो लोकांना टर्कीचं जेवण वाढलं, मग मैफल सुरू झाली. डिलन, जोनी मिचेल, नील यंग, व्हॅन मॉरिसन, एरिक क्लॅप्टन, मडी वॉटर्स. पाहुण्यांची यादी वाचूनच धाप लागते. मार्टिन स्कॉर्सेसीनं ते चित्रित केलं आणि चित्रपट १९७८ मध्ये आला.

लीव्हॉनचा राग समजून घ्यायला मडी वॉटर्सचा प्रसंग पुरेसा आहे. आदल्याच वर्षी मडीचा अल्बम वुडस्टॉकला ध्वनिमुद्रित झाला होता, लीव्हॉन आणि हेन्री ग्लोव्हर यांच्या देखरेखीखाली. हा ब्लूज गायक लीव्हॉनसाठी गुरुस्थानी. कार्यक्रम लांबतोय म्हणून मडीला वगळावं असं त्याला सुचवण्यात आलं, असं तो लिहितो. त्यावर त्यानं बजावलं की मडी नसेल तर मीही नाही. मडी गायला. आणि त्या वेळी बहुतेक कॅमेऱ्यांतली रिळं बदलणं चालू होतं. लास्लो कोव्हाच यांचा कॅमेरा तेवढा चालू राहिला म्हणून आज आपल्याला 'मॅनिश बॉय' दिसतं. तो तुकडा पाहताना मला दर वेळी वाटतं, हे दोनदा हातातून निसटता निसटता राहिलं.

लीव्हॉनची दुसरी तक्रार अशी की कॅमेरा सतत रॉबीवर आहे, आणि मानेच्या शिरा ताणून तो ज्या माइकमध्ये गाताना दिसतो तो माइक बंद होता. माइकचं मी सांगू शकत नाही. कॅमेऱ्याचं मात्र तुम्ही स्वतः पाहू शकता. रिचर्ड शोधा. पियानोमागे तो कितीदा दिसतो ते बघा. पहिल्यांदा पाहताना मला ते जाणवलंच नव्हतं. पुस्तक वाचल्यावर मी फक्त त्यालाच शोधत राहिलो आणि पोटात कालवलं.

तरीही नंतर स्टुडिओत चित्रित केलेलं, स्टेपल सिंगर्सबरोबरचं 'द वेट' लावा. गाणं संपतं, शेवटचा स्वर विरतो आणि मेव्हिस स्टेपल्स अगदी हलकेच, स्वतःशीच पुटपुटते, "ब्यूटिफुल." त्या क्षणी त्या खोलीत कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं.

रॉबीनं उत्तर दिलं का?

'टेस्टिमनी' हे त्याचं आत्मचरित्र २०१६ मध्ये आलं. तोवर लीव्हॉन जाऊन चार वर्षं झाली होती. रॉबीचं पुस्तक विंटरलँडच्या रात्रीपाशी संपतं, त्यामुळे नंतरच्या आरोपांना थेट उत्तर त्यात मिळत नाही. त्याचं म्हणणं असं की सोळा वर्षं रस्त्यावर काढून आमच्यातली काही जणं संपत चालली होती. हेरॉइन आलं होतं. तसंच चालू ठेवलं असतं तर कोणीतरी मेलं असतं. लीव्हॉनबद्दल तो फार मायेनं लिहितो, थोरल्या भावाबद्दल लिहावं तसं. काही चाहत्यांना ती माया दिखाऊ वाटते. मला वाटत नाही. पहिल्यांदा दक्षिणेत जायला तिकिटाचे पैसे हवेत म्हणून स्वतःची स्ट्रॅटोकास्टर गिटार विकणारं पोर त्या पानांत खरंखुरं भेटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. पैशाच्या वाटणीबद्दल तो जिथे सविस्तर लिहायला हवं होतं तिथे भराभर पुढे सरकतो.

लीव्हॉन खोटं लिहितो असं काही जण म्हणतात. खरं का?

खोटं आणि एकांगी यांत फरक करायला हवा. तो सतरा वर्षांपूर्वीच्या जखमेतून लिहितोय आणि मधल्या काळात काय घडलं ते पाहा. ४ मार्च १९८६ रोजी फ्लोरिडातल्या विंटर पार्कला कार्यक्रम झाल्यावर रिचर्डनं मोटेलच्या खोलीत आत्महत्या केली. वय ४२. ज्याच्यासोबत पंचवीस वर्षं गायलो तो माणूस शेजारच्या खोलीत गेला. पुस्तकातला रॉबीवरचा राग वाचताना मला पुष्कळदा वाटतं की हा राग रिचर्डच्या दुःखाला कुठेतरी ठेवायला जागा हवी होती म्हणून आहे.

१० डिसेंबर १९९९ ला रिकही गेला, झोपेत, छप्पन्नाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी. त्यानंतरच्या आवृत्तीला जोडलेल्या मजकुरात लीव्हॉन आणखी कडवट होतो: रिक पैशासाठी राबून राबून मेला, असं तो म्हणतो. त्या पानांवर तर्क शोधायला जाऊ नका. तिथे एक म्हातारा होत चाललेला माणूस आपल्या मित्राला रडतोय.

चाहत्यांमध्ये एवढे दोन तट का पडले?

आपण गाण्याच्या प्रेमात पडतो आणि नकळत गाणाऱ्यांच्या नात्याच्याही. बँडच्या बाबतीत तर ते नातं गाण्यात ऐकू येतं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजाला खांदा देतो, एक ओळ तिघांत फिरते. ते नातं तसं नव्हतं असं कळलं की स्वतःची फसवणूक झाल्यासारखं वाटतं, आणि मग कोणीतरी दोषी लागतो. मराठी वाचकानं हे अनुभवलेलं आहे. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं तेव्हा पुलंवर जीव टाकणारे किती लोक दुखावले होते, आणि तेच पुस्तक किती जणींना आपलं वाटलं होतं, हे आठवून पाहा.

मी स्वतः आधी पूर्णपणे लीव्हॉनच्या बाजूचा होतो. त्याचं पुस्तक मला फोर्टात, फाउंटनजवळच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत मिळालं. मुखपृष्ठाचा कोपरा दुमडलेला, आणि आतल्या काही पानांवर आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं रेघा मारलेल्या. सगळ्या रेघा रॉबीवरच्या वाक्यांखाली. मीही तेवढंच वाचलं. दोन वर्षं मी रॉबीचं नाव काढलं की तोंड फिरवायचो. नंतर कधीतरी त्याच्या १९८७ च्या अल्बममधलं 'फॉलन एंजेल' ऐकलं. ते रिचर्डसाठी आहे. ऐकून झाल्यावर मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी बिनरेघांची पानं.

शेवटी समेट झाला का?

लीव्हॉनच्या तोंडून नाही. १९९४ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. रॉबी, रिक आणि गार्थ मंचावर होते, लीव्हॉन गेला नाही. एप्रिल २०१२ मध्ये तो अत्यवस्थ असल्याचं कळल्यावर रॉबी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात त्याला भेटायला गेला आणि त्याच्याजवळ बसून राहिला, असं रॉबीनं स्वतः सांगितलं. लीव्हॉन १९ एप्रिलला गेला. रॉबी ९ ऑगस्ट २०२३ ला. २१ जानेवारी २०२५ ला गार्थ गेला आणि पाचांपैकी कोणी उरलं नाही.

लीव्हॉनची अखेर कडवटपणातच गेली का?

मुळीच नाही, आणि हे पुस्तकाच्या बाहेर जाऊन शोधावं लागतं. कॅन्सरच्या उपचारांत आवाज गेलेला हा माणूस काही वर्षांनी पुन्हा गायला लागला. वुडस्टॉकला घराला लागून असलेल्या त्याच्या कोठारवजा स्टुडिओत 'मिडनाइट रॅम्बल' नावाच्या मैफली भरायच्या. लहानपणी पाहिलेल्या तंबूतल्या खेळांच्या रात्री उशिराच्या भागावरून ते नाव घेतलेलं. मुलगी एमी सोबत गायची. 'डर्ट फार्मर' (२००७), 'इलेक्ट्रिक डर्ट' (२००९) आणि 'रॅम्बल ॲट द रायमन' (२०११) या तिन्ही अल्बमना ग्रॅमी मिळालं. 'डर्ट फार्मर'मधला त्याचा आवाज खरवडलेला आहे, वरच्या पट्टीत जाताना चिरतो, आणि तरी इतका आनंदी आहे की ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं.

आधी कोणतं पुस्तक वाचू?

लीव्हॉनचं. मग 'टेस्टिमनी'. मधे निदान महिनाभर जाऊ द्या आणि त्या महिन्यात फक्त गाणी ऐका. 'वन्स वेअर ब्रदर्स' हा २०१९ चा माहितीपट सर्वांत शेवटी. तो रॉबीच्या पुस्तकावर उभा आहे आणि तोवर लीव्हॉन, रिक, रिचर्ड तिघंही बोलायला उरले नव्हते.

पुस्तक वाचल्यापासून गाणी ऐकताना भांडणच आठवतं. कुठून सुरू करू?

'व्हिस्परिंग पाइन्स'पासून. दुसऱ्या अल्बममधलं. रात्री, दिवा मालवून, शक्यतो हेडफोन लावून. चाल रिचर्डची, शब्द रॉबीचे. कंसात दोघांचीही नावं आहेत. रिचर्ड एकटा सुरू करतो, उंच, पातळ, तुटेल की काय असा आवाज. बराच वेळ तो एकटाच असतो. मग शेवटाकडे लीव्हॉन येतो. रिचर्ड एक ओळ टाकतो, लीव्हॉन ती उचलतो, पुन्हा रिचर्ड, पुन्हा लीव्हॉन, अंगणाच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांना हाका माराव्यात तसं. मागे गार्थचा ऑर्गन.